चार गिअर मागचे, एक पुढचा

आमच्या बायकोच्या पोटाची एक तऱ्हा आहे. बस, मोटार, आगगाडी, कशातही बसली की तिसऱ्या मिनिटाला तिला ढवळायला लागतं. फक्त आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये, मागच्या पलंगावर पालथं पडून काचेतून मागे पडणारा रस्ता बघत राहिली, तर खुशाल जगप्रवास करील. म्हणून ती तीस वर्षांची गाडी आम्ही विकली नाही. आत ओटा, पलंग, खिडक्यांना पडदे, आणि पलंगाखाली इंजिन. ते इंजिन म्हणजे दम्याचं दुखणेकरी. सपाटीवर खोकत खोकत चालायचं, पण घाटाच्या तिसऱ्या वळणावर हटकून मान टाकायचं. आणि घाटापलीकडे राहायची बायकोची थोरली बहीण, आक्का. सात वर्षं दोघी फोनवरच भांडत होत्या.

एक दिवस आक्काचा फोन आला. मुलगा तिला परदेशी आपल्याकडे कायमचं नेणार होता. पुढच्या रविवारी दुपारचं विमान. बायकोने फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

"अहो," ती पाठमोरीच म्हणाली, "शनिवारपर्यंत पोचवाल मला?"

आता सत्तरीच्या माणसाने यावर काय म्हणावं? "पोचवतो," म्हणालो.

मेव्हण्याला बोलावलं. त्याने उभा जन्म लिफ्ट दुरुस्त केल्या, मी शिवणयंत्रं. दोघांचा मिळून ऐंशी वर्षांचा अनुभव, त्यात गाड्यांचा शून्य. भंगारवाल्याकडे मागून चेपलेली एक छोटी मोटार होती, जेमतेम वर्षाची. तिचं इंजिन ठणठणीत. ते वायरींच्या भेंडोळ्यासकट उचलून आणलं.

"दाजी, तेलाचे दोन थेंब टाकून चालायला हे शिवणयंत्र नव्हे!"

"आणि बटण दाबून वर जायला ही लिफ्ट नव्हे. पाना दे."

नव्या इंजिनात एक खोड होती. ते जुन्याच्या उलट दिशेने फिरायचं. तसंच जोडलं असतं तर पहिला गिअर टाकताच गाडी मागे गेली असती. उपाय सोपा होता: खाली काढून ठेवलेला गिअरबॉक्स उघडायचा आणि आतलं मोठं दातेरी चाक पलटी करून बसवायचं. हे मेव्हण्याच्या लक्षात आलं मंगळवारी. मी बोल्ट आणायला गेलोय हे बघून त्याने गुपचूप चाक पलटवलं. गाडी चालली की चारचौघांत सांगून भाव खायचा, असा त्याचा बेत. माझ्या लक्षात ती खोड आली बुधवारी. मेव्हणा जेवून घोरत होता. मीही गुपचूप चाक पलटवलं. बेत माझाही तोच.

शुक्रवारी दुपारी किल्ली फिरवली. इंजिन इतकं गोड गुरगुरलं की आमचं मांजर दुसरं मांजर शोधायला पलंगाखाली शिरलं. मी रुबाबात पहिला गिअर टाकला आणि गाडी सुसाट मागे गेली. शेजाऱ्यांची दोरी, दोरीवरच्या दोन चादरी आणि एक पायजमा घेऊनच थांबली.

"असं कसं? मी तर चाक पलटवलं होतं!" मेव्हणा ओरडला.

"अरे, मी पण!"

बायकोने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "घरात एकच शहाणा असता तर भागलं असतं," ती म्हणाली.

मोजले तर चार गिअर मागचे आणि पुढचा एकुलता एक, तोही गाढवाच्या चालीचा. त्याने गेलो असतो तर सोमवारी पोचलो असतो. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा तर दोन दिवस. आम्ही दोघं शहाणे पायरीवर डोकं धरून बसलो.

शनिवारी सकाळी बायको पिशवी घेऊन सरळ पलंगावर चढली. "मागे जाते ना? मग मागेच चला. मी बघते रस्ता."

"अगं, आणि पोट? आता रस्ता अंगावर येणार!"

"पोटाला मी सांगते काय सांगायचं ते."

निघालो. ती मागच्या काचेला नाक लावून हुकूम सोडत होती. पण तिचं डावं ते माझं उजवं. पहिल्याच वळणावर आम्ही वडाच्या पारंब्या घेऊन आलो. मग भाषा बदलली.

"डोंगराकडे! अजून डोंगराकडे! अहो, दरीकडे कुठे निघालात!"

मेव्हणा माझ्या शेजारी डोळे मिटून बसला होता. तिसरं वळण आलं. इंजिनाने साधा घसादेखील खाकरला नाही! मी तिसरा टाकला. एका ट्रकला मागे टाकलं, आणि मग तो ट्रकवाला आणि मी दोन मैल समोरासमोर एकमेकांचं तोंड बघत चाललो होतो. शेवटी त्याने हात जोडले.

घाटमाथ्यावर पोलिसाने अडवलं. "उलटी का चालवताय?"

"साहेब, आम्ही परत चाललोय."

त्याने गाडीचं तोंड पाहिलं. ते खरंच आमच्या घराकडे होतं. डोकं खाजवून त्याने वाट दिली.

आक्काच्या अंगणात गाडी शिरली ती पाठीने. आधी काच, काचेवर चपटं झालेलं बायकोचं नाक. आक्का सूटकेस अर्धी सोडून धावत आली. "अगं, तू पोचलीस, आणि गाडी मागून येतेय का?"

सात वर्षांचं शिल्लक भांडण त्या दोघींनी अंधार पडेपर्यंत, एकमेकींचे हात न सोडता, मनसोक्त भांडून घेतलं. आम्हाला जेवायला वाढायचंही राहिलं.

रविवारी मुलाने पाठवलेली टॅक्सी आली. आक्काने सूटकेस आणि मेव्हणा दोन्ही तिच्यात बसवले आणि स्वतः आमच्या गाडीत पुढे येऊन बसली, माझ्या शेजारी. तिच्या घरापासूनचा रस्ता चांगला मैलभर सरळ. मी एकुलत्या पुढच्या गिअरने गाडी रस्त्यावर काढली, तिचं तोंड घराकडे वळवलं आणि मागचा गिअर टाकला. पुढच्या काचेत तिचं घर होतं. हिरवं दार, तीन पायऱ्या, कुंपणाशी उभी शेजारीण.

"अहो, जरा हळू," आक्का म्हणाली.

"आक्का, विमान आहे."

"असू दे. ते काय उलटं जातंय?"

मी हळू घेतली. मागून बायको डोंगराकडे, दरीकडे ओरडत होती आणि इकडे डोंगर नव्हता की दरी. आक्का हसत हसत दोन्ही हात हलवत राहिली. घर मुठीएवढं झालं, मग बटणाएवढं. पण खोटं सांगत नाही, वळण येईपर्यंत ते समोरच होतं.