कुशीवरची घडी

बाबा संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरत. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. दादा शिकला, सस्तन प्राण्यांचा अभ्यासक झाला आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसू लागला. "तू कातडी जोड, मी नाती जोडतो," असं मला चिडवायचा.

त्याचं सगळं आयुष्य खवलेशेपट्यांत गेलं. दूरच्या विषुववृत्तीय जंगलांतले हे कुरतडणारे प्राणी. दिसायला खारीसारखे, पण खारींशी त्यांचं नातं फार लांबचं. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला टोकदार खवल्यांच्या दोन रांगा असतात. त्या सालीत रुतवून हे खोडाला चिकटून राहतात. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, तो ताणून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातात. उडत्या खारीत तो पडदा ताणणारी कूर्चेची काडी मनगटापासून निघते, यांच्यात कोपरापासून. या एवढ्याशा काडीवर दादा तासन्‌तास बोलायचा. वहिनी म्हणायची, "माझं कोपर यांनी इतक्या प्रेमानं कधी पाहिलं नाही."

याच गोतावळ्यात एक प्राणी असा आहे, की त्याच्या शेपटीला तेच खवले, पण पडदा नाही. आमच्याकडे त्याचा एकच नमुना होता, बाबांनी भरलेला. त्याच्या कुशीवर कोपरापासून मांडीपर्यंत कातडीची एक बारीक घडी होती. जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल हे विष चोळलेलं असे, म्हणून त्याची काचपेटी फटी लुकणाने बुजवून कायमची बंद केलेली. दादाने ती घडी बाहेरूनच वर्षानुवर्षं न्याहाळली आणि तिच्यावर आपलं मत उभं केलं. याचे पूर्वज तरंगत होते, पुढे पडदा आटत गेला आणि ही घडी त्याची शेवटची खूण, तेव्हा याला तरंगणाऱ्यांमध्येच बसवायला हवं. पुढे इतरांनी नव्या तपासण्या करून लिहिलं, की हा फार पूर्वीच वेगळा फुटलेला फाटा आहे, त्याचं घर निराळं मांडा. दादा हटला नाही. "त्यांनी घडी पाहिलीय का?" एवढंच विचारायचा.

तो निवृत्त झाला, काचबिंदूने त्याची दृष्टी गेली, आणि मग संग्रहालयाचं नवं दालन मांडायचं ठरलं. आता विभागाची प्रमुख दादाची विद्यार्थिनी होती. ती त्याला हाताला धरून माझ्या कामाच्या खोलीत घेऊन आली.

"सर, नव्या दालनात खोडं उभी केलीत, याला तुम्ही सांगाल त्या खोडावर ठेवते. पाटीही तुमच्याच शब्दांत लावू."

पेटी मी सकाळीच उघडली होती. दादाने रबरी हातमोजे चढवले. "आता निदान हातात तरी दे."

मी प्राणी त्याच्या हातांत ठेवला. त्याने शेपटीचे खवले चाचपले आणि हसला. मग बोटं कुशीकडे आली, घडीवरून मांडीपर्यंत गेली, परत कोपराशी आली. तिथेच थांबली.

"चिमे, इथे टाके आहेत."

पेटी उघडताच मला ते दिसले होते, पण सांगायला जीभ रेटेना.

"सरळ, सरळ, मग उलटा. आपल्या बाबांचे."

"कातडी फाटली असेल रे. शिवली असेल."

"फाटलेलं ते आतून शिवायचे. आपण दोघं त्यांच्या टेबलाखाली वाढलो, मला काय शिकवतेस? ही कातडी चिमटीत धरून, वर उचलून बाहेरून टाचलीय."

त्याने घडीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग दादाच सावकाश म्हणाला, "तरंगणाऱ्यांच्या कातड्यांच्याच खोक्यातून आला असणार हा. खवले तसेच. बाबांना वाटलं, याचा पडदा वाटेत फाटून गेला. म्हणून बिचाऱ्याला थोडा करून दिला."

बाबा असेच होते. मोडलेला पंख कधी मोडका ठेवला नाही त्यांनी.

"सर, राहू द्या ना," प्रमुख हलक्या आवाजात म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना, बाई." त्याने प्राणी माझ्यापुढे धरला. "उसव."

"दादा, तुझं सगळं लिखाण या—"

"टाके उसवायला सांगितलेत. माझं चरित्र नाही."

मी बारीक कात्री घेतली. प्राणी त्यानेच धरून ठेवला होता. दोरा जुना, ओढला की तुटायचा. एकेक टाका निघाला तशी कातडी सैल होत खाली बसली. घडी होती तिथे फक्त दबलेल्या केसांची रेघ उरली. दादाने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. कुठे फाटकी कड नाही, जाडसर पट्टा नाही. कुठल्याही साध्या उंदराची असावी तशी कूस.

"सपाट आहे," तो म्हणाला.

त्याचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी दोऱ्याचे तुकडे वेचत बसले. बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं, हे मनात आलं. पण दादाला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"कुठे ठेवू, सर?" प्रमुखने विचारलं.

"एकटा. निराळ्या खोडावर."

"आणि पाटी?"

दादाने प्राणी मांडीवर घेतला. "लिही. याला पडदा नाही. पूर्वी कधी होता का, ते आम्हाला माहीत नाही."

तिने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. दादाने मान हलवली, हातमोजे काढले आणि हात धुवायला नळ कुठे आहे म्हणून विचारलं.