सासाकुबोतला पहिला कोंबडा

सासाकुबोत आठशे वर्षांत कोंबडा आरवला नव्हता. पाळायचाच नाही, तर आरवणार कुठून! कोंबडा आरवला की खोऱ्याखालच्या शत्रूला कळतं, वर वस्ती आहे. मग खेळ खलास. शत्रू म्हणजे गेन्जी. आठशे वर्षांपूर्वी समुद्रावरच्या शेवटच्या लढाईत त्यांनी हेइके घराण्याला बुडवलं आणि जे मूठभर जीव त्यातून निसटून डोंगरात पळाले, तेच सासाकुबोवाल्यांचे पूर्वज. आता गावाखाली बस येत होती, दुकानात टीव्ही लागला होता, पण कोंबडा नाही म्हणजे नाही. मे महिन्यात देशभर पोरांच्या नावानं काठीवर कापडी मासे फडकतात, तेसुद्धा इथे नाहीत. लांबून दिसले तर?

या सगळ्या नियमांचे राखणदार म्हणजे इसुझूचे आजोबा, तोकुहेइ. रात्रीचं जेवण झालं की चुलीशी बसून त्यांची उलटतपासणी सुरू व्हायची.

"ओढ्यात काय टाकायचं?"

"काही नाही. चॉपस्टिकची काडीसुद्धा नाही. वाहत गेली तर खालच्याला कळतं, वर कोणी राहतंय."

"माग लागू द्यायचा नसेल तर?"

"पाण्यातून चालायचं. चिखल लागला की चपला उलट्या घालायच्या, म्हणजे पावलं उलट दिशेनं दिसतात."

"शाबास!"

दहा वर्षांच्या इसुझूचे शाळेत पाढे चुकायचे, पण हे कधी चुकलं नाही. लढाई म्हणजे काय, हे तिला तलवारी-घोड्यांवरून नव्हे, घरात काय करायचं नाही यावरून कळलं होतं.

त्या वर्षी एप्रिलात शाळेत नवे गुरुजी आले. किडकिडीत, चष्मा घातलेले, आणि हातात खोकं. खोक्यात पिल्लं! पोरांनी जीव लावायला शिकावं म्हणून शाळेत कोंबड्या पाळायच्या होत्या त्यांना. गावात बोंबाबोंब झाली आणि आजोबा तडक शाळेत गेले.

"सगळ्या माद्या आहेत," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलंय. अंडी मिळतील पोरांना."

"हं. आडनाव काय म्हणालात?"

"काजिवारा."

"गाव?"

"कामाकुरा."

आजोबांच्या ओठाशी गेलेला चहाचा पेला तिथेच थांबला. कामाकुरा ही गेन्जींची राजधानी, आणि काजिवारा म्हणजे त्यांचे सरदार! बिचाऱ्या गुरुजींच्या घरी बापजाद्यांपासून लोणच्याचं दुकान होतं, पण ते कोण ऐकून घेतंय?

इसुझूच्या वाट्याला एक तांबूस पिल्लू आलं. ते फार नखरेल होतं, पायरीसुद्धा मान वर करून चढायचं, म्हणून तिनं त्याचं नाव हिमे ठेवलं. हिमे म्हणजे राजकन्या. हिमेला ती आपल्या भातातले दाणे काढून ठेवायची. आई कामाला शहरात, बाप जंगलात लाकूडतोडीवर; शाळा सुटल्यावर घरी जायच्या आधी तिला गप्पा मारायला हिमेच होती.

सप्टेंबरात इतिहासाच्या तासाला ती लढाई आली. पुस्तकात अर्धं पान. गुरुजींनी वाचून संपवलं: "अशा प्रकारे हेइके घराणं समूळ नष्ट झालं."

इसुझूनं हात वर केला.

"गुरुजी, पण आम्ही इथेच बसलोय."

गुरुजींनी पुस्तकाकडे बघितलं, मग पोरांकडे. "पुस्तक छापणाऱ्यांना कळलं नसेल," ते म्हणाले.

"कळायलाच नको होतं!" मागच्या बाकावरची हिदेमी ओरडली. "लपलो होतो ना आम्ही!"

गुरुजी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग पुस्तक मिटून ते चक्क बाकावर जाऊन बसले. "तुम्हीच सांगा मग," म्हणाले. पोरांनी सांगितलं. उलट्या चपला, ओढा, दिसू न द्यायचा धूर, सगळं. एकमेकांचं तोंड दाबून सांगितलं. असा इतिहासाचा तास पुन्हा व्हायचा नाही.

घरी आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "सगळं सांगितलंत? एका काजिवाराला? अरे, आठशे वर्षं तोंड मिटून राहिलो आम्ही, आणि तुम्ही कार्ट्यांनी एका दुपारीत!"

पण खरा घोटाळा पुढेच होता. हिमेच्या डोक्यावरचा तुरा भलताच वाढत चालला. शेपटी लांबली. चाल बदलली. इसुझूला कळत होतं, पण ती कुणाला बोलली नाही. आणि ऑक्टोबरात एक दिवस, पोरं डबे उघडून बसलेली असताना, राजकन्येनं कुंपणावर उडी मारली, छाती फुगवली आणि घसा फाडून बांग दिली.

कु-कूऽऽऽच-कू!

डोंगरानं ती एकाची चार करून परत पाठवली. भाताची कापणी करणारी माणसं जागच्या जागी खाली बसली. खरंच बसली! कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप गुडघे वाकले.

संध्याकाळी गाव जमलं. गुरुजी डोकं जमिनीला टेकवून म्हणाले, चूक माझी आहे, मी याला खालच्या गावी सोडून येतो.

"तुम्ही बोलूच नका, काजिवारा," एक म्हातारा गुरकावला. "खाली नेऊन आरवायला लावणार, म्हणजे आमचाच डांगोरा!"

ठरलं. दुसऱ्या दिवशी सुगीचा सण होता. कोंबडा सणाच्या हंडीत जाणार.

इसुझू घरी येऊन हमसाहमशी रडली. आजोबा तिच्याजवळ बसले. "पोरी, नियम कुणाला आवडतो म्हणून नसतो. तो पाळला म्हणून आपण उरलो. तो पाळला म्हणून तू जन्मलीस."

आजोबांचं खरं होतं. पण हिमे हंडीत गेलेला तिला बघवणार नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

पहाटे, गाव उठायच्या आत, तिनं शाळेच्या खुराड्यातून हिमेला काढलं, पाठीवरच्या पाटीत घातलं आणि ओढ्यात उतरली. पाणी असं गार की दात वाजायला लागले. वळणाच्या वर चिखल लागला तशी तिनं गवती चपला उलट्या घातल्या. रानात कोळशाची एक पडकी भट्टी होती, तिच्यात शिरून तिनं पाटीवर गोधडी टाकली आणि ती तिच्यावर ओणवी झाली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. तांबडं फुटलं तर फुटू दे, फक्त कोंबड्याला ते कळायला नको होतं.

खाली रिकामं खुराडं बघून गाव शोधाला निघालं. चिखलातली पावलं बघून निम्मी माणसं भलत्याच दिशेला गेली. आजोबा तेवढे ओढ्यावर तोंड धुवायला थांबले, आणि त्यांच्या ओंजळीत वरून वाहत आलेलं एक तांबूस पीस अडकलं.

भट्टीच्या तोंडाशी सावली पडली तेव्हा इसुझूनं डोळे घट्ट मिटले.

"ओढ्यात काय टाकायचं?" आजोबांचा आवाज आला. धाप लागली होती त्यांना.

"काही नाही," ती पुटपुटली. "त्याचं पीस गळलं असणार. मला दिसलं नाही."

"बाकी चोख होतं. चपला, पाणी. ती शहाणी माणसं गेली पार देवळापर्यंत." क्षणभर त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मग ते हात पुढे करून म्हणाले, "आण इकडे."

इसुझूनं पाटी छातीशी ओढली. "नाही देणार. आजोबा, हा एकटा आहे. ह्यानं कुणाचं काही केलं नाही. गाव सगळं पाठीमागे लागलंय आणि तुम्ही माग काढत आलात." तिचा आवाज फुटला. "आज तुम्हीच गेन्जी झालात!"

आजोबांचा हात तसाच हवेत राहिला.

त्यांना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर थोबाडच फोडलं असतं त्यांनी. ते हळूच भट्टीच्या दगडावर टेकले आणि हातातल्या त्या पिसाकडे बघत राहिले. गोधडी केव्हाच सरकली होती. हिमेनं पाटीतून मान बाहेर काढली, उजेड बघितला, आणि झालं!

कु-कूऽऽऽच-कू!

आजोबांनी झटकन इसुझूला खाली दाबलं, तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि दोघं भिंतीआड श्वास रोखून बसली. बांग या डोंगरावरून त्या डोंगरावर गेली, खोऱ्यात उतरली, विरली. आजोबांची छाती धडधडत होती ती इसुझूला पाठीत जाणवत होती. खाली पहिल्या बसनं भोंगा वाजवला. कुठे कुत्रं भुंकलं.

"बघ गं," आजोबा कुजबुजले. "येतंय का कोणी?"

इसुझूनं डोकं वर काढलं. "नाही. थांबा, एक जण येतोय."

"कोण?"

"काजिवारा गुरुजी."

बांगेच्या रोखानं गुरुजी चढावर चारही पायांवर येत होते म्हटलं तरी चालेल. चष्मा तिरका, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली. भट्टीशी पोचून ते मटकन बसले. बोलायलासुद्धा श्वास उरला नव्हता. आजोबा उठले, कपडे झटकले आणि ताठ उभे राहिले.

"मी तोकुहेइ. हेइकेंपैकी," ते मोठ्यानं म्हणाले. सगळ्या रानाला ऐकू जाईल असं. "आठशे वर्षं लागली होय तुम्हाला आम्हाला शोधायला?"

गुरुजींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग कोंबड्याकडे, मग इसुझूकडे. मग त्यांनी जमिनीला कपाळ टेकवलं. "उशीर झाला. माफ करा, आजोबा. घरी जाऊ या का?"

आजोबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि ती त्यांनी पुसलीही नाही. "चला. हंडीत आज नुसता मुळा टाकू. गाव मला खाऊन टाकेल, ते निराळं."

इसुझू पाटी उचलून निघाली, तर त्यांनी तिला थांबवलं. गुडघ्यावर बसून त्यांनी तिच्या पायातल्या उलट्या चपला काढल्या, सरळ घातल्या आणि नाड्या नीट आवळल्या.

"दिसू देत पावलं," ते म्हणाले.

मग तिघं ओढ्यात न उतरता, काठच्या चिखलातून गावाकडे निघाली, आणि हिमे पाटीतून मान काढून वाटभर आरवत होता.