बारा मीटर

लिटमस कागदाची पेटी काढायला व्हर्नाबाईंनी रसायनाच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि बाटल्यांच्या मागे त्यांच्या हाताला एक गाठोडं लागलं. जुन्या टॉवेलात काहीतरी नीट बांधून ठेवलं होतं. सोडून पाहिलं तर त्यांच्याच वर्गातले विजेचा प्रवाह मोजायचे मीटर. मोजले, बाराच्या बारा. एक बॅटरी आणि छोट्या दिव्याला जोडून पाहिला, काटा जागचा हलला नाही.

दारात जनेल उभी होती. सव्वीस वर्षांची, रसायनाची शिक्षिका, आणि दहा वर्षांपूर्वी याच शाळेत व्हर्नाबाईंच्या पहिल्या बाकावर बसणारी.

"बाई, मी सांगणारच होते."

"सगळे?"

"एका तासात. तुम्ही मला वर्ग दिलात ना दोन आठवडे, त्यात. मुलांनी मध्ये दिवा न घालता सरळ बॅटरीलाच जोडले. मुलांचं तरी काय चुकलं, फळ्यावर आकृतीच मी तशी काढली." तिनं टॉवेलाची गाठ परत बांधायला घेतली. "सोमवारी मी मुख्याध्यापकांना नाही म्हणून सांगणार आहे. हे माझं काम नाही."

व्हर्ना कुचेरा मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या टोकाला, जिथे गावापेक्षा धान्याच्या कोठ्या उंच, तिथे भौतिकशास्त्र शिकवायला दुसरं कोण येणार? जनेल हो म्हणाली तर विषय राहील, नाही म्हणाली तर बंद. पुढच्या वर्षासाठी नऊ मुलांनी नावं घातली होती.

बाईंच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं. ते सांगितलं असतं तर मीटर चालू झाले असते, पण पोरगी आणखीच ओशाळली असती.

"उद्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या संघटनेची बैठक आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी साडेसहाला तयार राहा. आणि यातला एक मीटर बरोबर घे."

"दुरुस्त होतो का तो?"

"घे म्हटलं ना."

अडीच तासांचा रस्ता. जनेल मांडीवर मीटर घेऊन बसली होती आणि बाईंना स्वतःची पहिली खेप आठवत होती. चोवीस वर्षांपूर्वी त्या शिवणकाम आणि स्वयंपाक शिकवत. भौतिकशास्त्राचे सर ऐन जानेवारीत नोकरी सोडून गेले आणि मुख्याध्यापकांनी पुस्तक बाईंच्या हातात ठेवलं. "मोजमाप तर तुम्ही रोजच करता," म्हणाले. केक भाजणाऱ्या बाईला वीज शिकवायला सांगायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात ढकलणंच. त्या वर्षी कुणीतरी संघटनेचं पत्रक त्यांच्या टपालाच्या खणात टाकलं. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. त्या माणसाचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

बैठक कॉलेजच्या मोठ्या वर्गात होती. साठेक माणसं, निम्मे शाळामास्तर, निम्मे प्राध्यापक, आणि कोण कुठला ते नुसतं बघून ओळखू येत नाही. जेवणाला राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचा गोड रोल, शाळेत असतो तसाच. जेवणानंतरचा अर्धा तास दरवर्षी ठरलेला असतो. त्या वेळी कुणीही जमलेली गोष्ट सांगायची नाही. वर्षात फसलेला प्रयोग सांगायचा.

एका जाड्या प्राध्यापकानं टेबलावरच्या कपबश्या न हलवता खालचं कापड ओढून दाखवायचं ठरवलं होतं. "कापडाला शिवण होती," तो म्हणाला. "बायको म्हणते, जडत्वाचा नियम माझ्या बश्यांवर नको." लोक खो खो हसले. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आज आमच्या व्हर्नाचं शेवटचं वर्ष. दोन शब्द बोल."

सगळ्यांना वाटलं, आता निरोपाचं भाषण होणार. बाई उठल्या.

"माझंही फसलेलंच आहे," त्या म्हणाल्या. "जुनं आहे. तुमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. पहिल्याच महिन्यात माझ्या वर्गातले सगळे मीटर मेले. मी ते शिवणयंत्राच्या खोक्यात लपवले आणि वर्षभर मुलांना फळ्यावर आकडे दिले. मीटर न लावता, मनानं रचून. पोरांनी ते इमानानं वहीत उतरवून घेतले. त्याची लाज मला अजून वाटते."

कुणी हसलं नाही. बाई इतकंच बोलून खाली बसल्या. जनेल त्यांच्याकडे पाहत राहिली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी जनेल ऑस्ट्रँडर," ती म्हणाली. "मी रसायन शिकवते. माझेही गेले." तिनं टॉवेल सोडून मीटर टेबलावर ठेवला.

मग इथले हात खिशात गेले, तिथले पर्समध्ये गेले, आणि पाच-सहा छोटे स्क्रू ड्रायव्हर एकदमच बाहेर आले. तेव्हा मात्र सगळा वर्ग हसला आणि जनेललाही हसू आवरेना.

"किती गेले?" मागून एका पांढऱ्या दाढीनं विचारलं.

"बारा. एका तासात."

"माझे सोळा. आणि मी डॉक्टरेट मिरवत होतो."

व्हर्नाबाईंनी आपला स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. पिवळ्या मुठीचा, टोक झिजलेला. जनेलनं मीटरच्या पाठीचे दोन स्क्रू काढले. आत बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, तिच्यातली तार तुटलेली.

"फ्यूज," बाई म्हणाल्या. "जास्त वीज आली की तो जळतो आणि मीटर वाचतो. नवा घातलास की झालं."

"एवढंच?"

"एवढंच. माझं एक वर्ष गेलं त्यात."

परतीच्या वाटेवर जनेलच्या मांडीवर फ्यूजची डबी होती, पांढऱ्या दाढीनं दिलेली. डबीच्या झाकणावर त्यानं आपला फोन नंबर लिहिला होता.

"बाई, तुम्हाला कुणी उघडून दाखवलं?"

"लिंडक्विस्ट सरांनी. हा स्क्रू ड्रायव्हर त्यांचाच. एवढा मोठा प्राध्यापक, पण दोन वर्षं दर रविवारी फोन करायचे, उद्या काय शिकवणार म्हणून. कधी म्हणाले नाहीत की तुला येत नाही. त्यांच्या जिवावर मी शिकवलं, पोरी."

"आता कुठे असतात?"

"वारले. सहा वर्षं झाली."

जनेलनं डबीचं झाकण नीट दाबून लावलं. मग म्हणाली, "सोमवारी हो म्हणून सांगते. पण रविवारी तुम्हाला फोन करीन."

"कर. केक भट्टीत असला तर थोडी थांब."

सोमवारी पहिल्या तासाला बाईंच्या चष्म्याची काडी लटपटायला लागली. नेहमीचंच दुखणं. त्यांचा हात सवयीनं त्या पिवळ्या मुठीसाठी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला. कप्पा रिकामा होता. शेजारच्या खोलीत भौतिकशास्त्राचा तास आज पुन्हा जनेलचा होता, तिचा आवाज ऐकू येत होता. "आता प्रत्येकानं मीटर पालथा करायचा. घाबरू नका, उघडून बघू."

बाईंनी एका हातानं चष्मा डोळ्यांवर धरला आणि दुसऱ्या हातानं हजेरी घ्यायला सुरुवात केली.