डोक्याखालचा कापूस

"भोंगादादा, तुझ्या गाण्यात आपल्या गल्लीत रोज एक मुडदा पडतो. मग आम्ही शाळेत जातो कुठल्या रस्त्याने?"

"विचारून दाखव, नाहीतर उद्या मिशा लावून शाळेत ये," अशी मैत्रिणींची पैज होती. गादीवाल्याच्या धाकटीने विचारलं आणि मागे वळून पाहते तो काय, पैज लावणाऱ्या तिघी दाराआड गडप!

भोंगा म्हणजे गल्लीचा रॅपर. दिवसा खांद्यावरून गॅसच्या टाक्या पोचवायचा आणि संध्याकाळी गादीवाल्याच्या कापसाच्या खोलीत माइक लावायचा. अख्ख्या गल्लीत शांत अशी तेवढी एकच जागा. चहूबाजूंनी कापसाचे ढीग, बाहेरचा कालवा आत यायची टाप नाही. तिथे त्याचं पहिलंवहिलं गाणं शिजत होतं. त्यात तलवारी काय, पोलीस काय, रक्ताचे पाट काय! धाकटीच्या आठवणीत गल्लीत शेवटचं रक्त निघालं ते न्हाव्याचा हात घसरला तेव्हा.

भोंग्याचे कान लाल झाले. "फार शहाणी लागून गेलीस! तूच लिही एक कडवं. नाही जमलं तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"आणि जमलं तर?"

"तर ते गाण्यात, आणि खाली तुझं नाव."

झालं! धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात. भूमितीच्या तासाला कडवं उतरलंसुद्धा: नळावरची भांडणं, जिन्यात बसून अभ्यास करणारी पोरं, गाद्या शिवून शिवून बोटांची चाळण झालेली आई. घरी वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "गा हवं तर, पण नाव नको. नावामागे लोकांची तोंडं लागतात." आई दातात दोरा धरून गादी शिवत राहिली.

पण माइकपुढे फजितीच झाली. कापसाने आवाज असा गिळला, जणू कपाटात कोंडलेली पोरगी कविता म्हणतेय.

"पाठांतराची स्पर्धा आहे का?" भोंगा वैतागला आणि माइक सरकवायला सरळ पिंजलेल्या कापसात शिरला. तेवढ्यात दारातून आईचा आवाज कडाडला.

"चपला! चपला काढ आधी! लोकांच्या डोक्याखाली जायचाय हा कापूस, तुझ्या टाचेखाली नाही!"

माइक चालूच होता, सगळं रेकॉर्ड झालं. भोंग्याने अनवाणी उभं राहून ते तीनदा ऐकलं. इतक्या तलवारींना जमलं नव्हतं ते आईला जमलं होतं. गाण्यात गल्ली आली होती.

"काकू, हे ठेवतो. गाणं यावरच उभं राहील!"

आईचा चेहरा पडला. "पुसून टाक बाबा. जन्मभर ओरडतेच आहे, ते आता जगाला ऐकवू? नळावर बायका म्हणतील, आल्या कोकिळाबाई."

आई गेल्यावर भोंगा धाकटीला म्हणाला, "हे नसेल तर तुझं कडवं फिकं. उद्या गाणं नेटवर सोडतोय. बोल, ठेवू की पुसू?"

आईला काय कळणार होतं? फोन तर बाबांकडे. धाकटीने ओठ चावले. मग म्हणाली, "पूस. माझ्यासमोर पूस."

घरी आई-बाबा जेवायला बसले होते. ती उभ्यानेच म्हणाली, "आई, तुझा आवाज पुसला. मी स्वतः पाहिलं." आईने सुस्कारा सोडला. "पण तुझं वाक्य मला दे ना. माझ्या आवाजात म्हणते." आणि परवानगीची वाट न बघता तिने ठोकलंच, "चपला काढ आधी! लोकांच्या डोक्याखाली..."

"अशी मरगळून काय ओरडतेस?" आईला राहवेना. "पोटातून काढ. 'टाचेखाली'वर दणका दे!"

बाबांचा घास हातातच राहिला आणि त्यांना हसू फुटलं.

धाकटीने दणका दिला. शेजाऱ्यांच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं.

"मग ठरलं," ती म्हणाली. "उद्या मी गाणार. कापसात नाही, बाहेर, भर गल्लीत. आणि बाबा, लोकांची तोंडं लागू देत नाहीतर आणखी काही. खाली नाव माझंच येणार, आणि पूर्ण!"