रविवारचा पिच्चर आणि सुपातल्या शेंगा

मित्रांनो, लाकडी कपाटात बसणारा, काळं-पांढरं चित्र दाखवणारा जुना टीव्ही तो मीच. आता कोणी विचारत नाही, पण माझाही थाट होता. सत्त्याऐंशी साली लीलाधरभाऊंनी मला धुळ्यात घेतलं आणि एसटी जिथवर येई त्या नरडाण्यापासून गावापर्यंत बैलगाडीत, कापसाच्या ढिगात बसवून आणलं. नव्या नवरीलाही कोणी इतकं जपून आणलं नसेल.

घरात राज्य लीलाधरभाऊंच्या आईचं. नाव यशोदाबाई, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. शाळा पाहिली दोनच वर्षं. जीभ मात्र विळीसारखी. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की घरची माणसं सुपं घेऊन माझ्यापुढे बसत आणि बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत. अक्कांचा एकच कायदा होता, पिच्चर चालू असताना कोणी बोलायचं नाही. सून सुनंदाबाई एकदा मधेच काही विचारून बसली, तर तिला तिथूनच पाणी भरायला पाठवलं.

सोमवारी गल्लीतल्या बाया अक्कांचं मत ऐकायला ओट्यावर जमत. नायिकेला कापूस वेचता येत नाही, पण रडते अस्सल, असं त्या सांगत. नायक नाचतो झकास, पण त्याच्या हाती नांगर पाहून बैलही हसले असतील. तरी टोचण्यापेक्षा कौतुकच जास्त. पिच्चरमधल्या म्हाताऱ्या आयांवर तर त्यांचा भारी जीव. त्यातल्या एकीला भरीत-भाकरी खायला घरी बोलवायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मित्रांनो, चित्र माझ्या अंगावर उमटे, पण मला ते कधी दिसलं नाही. मला दिसत ते पाहणाऱ्यांचे चेहरे आणि हात. पिच्चर चांगला असला की हात थांबत आणि सुपं तशीच भरलेली राहत. त्यावरून मी पिच्चरची पारख करत असे.

एका रविवारी असा प्रसंग आला, की त्यात ना बोलणं, ना गाणं. घरातले सगळे हात थांबले. एकट्या अक्कांचे चालू होते. टक, टक, टक. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. माझा उजेड तिथे पडत होता, पण आत जात नव्हता. सुनंदाबाईनंही त्या हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गल्लीला कळलं असतं, तर सोमवारचा ओटा ओस पडला असता. अक्कांना ते मरणाहून वाईट.

पुढच्या रविवारी सुनंदाबाई अक्कांना खेटून बसली. पुन्हा एक मुका प्रसंग आला. तशी ती हळूच, शेंगांशी बोलावं तसं म्हणाली, "अक्का, ती पेटी उघडी राहिनी, नही? पेटीमा पोऱ्यानं झबलं शे."

नातवंडांनी तिला गप्प केलं. मला वाटलं, आता विळी चालणार. पण अक्कांचे हात थांबले होते.

"बोलू द्या तिले," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरचा कायदा बदलला. दोन वर्षं सोमवारचा ओटा भरलेला राहिला आणि गल्लीला काही कळलं नाही.

मग माझी पिक्चर ट्यूब गेली. ऐन सिनेमात पडदा काळा झाला, आवाज तेवढा उरला. सगळं घर शेजारच्या झुलालभाऊंच्या रंगीत टीव्हीकडे पळालं. याला आता भंगारात घाला, असं लीलाधरभाऊ जाता जाता बोलले. सुनंदाबाई अक्कांना हात द्यायला उठली.

अक्का हलल्या नाहीत.

"आते तुले बी दिखत नही," त्या सुनेला म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं. "बठ. मी सांगस."

आणि त्यांनी सांगितलं. पाऊल वाजलं की कोण आलं, आवाज अडकला की कोणाचे डोळे भरले, एवढंच काय, लुगडं हिरवं की जांभळं, तेसुद्धा.

भंगारवाला आला, त्याला अक्कांनी दारातूनच हाकललं. मी अजून त्याच कपाटात आहे. मित्रांनो, घरातल्या जुन्याचं एक अंग गेलं, तर त्याला बाहेर काढण्याआधी उरलेलं काय चालतं ते नीट ऐका. त्या संध्याकाळी माझ्यापुढे एकच सूप होतं. दोघींचे चार हात होते, आणि एकही शेंग फुटली नाही.