चाबूक भिंतीवर, मी न्हाणीघरात

मी एक जुनी तिपाई आहे, मित्रांनो. न्हाणीघरात असते. माझ्या डोक्यावर ओली बादली असते आणि बैठकीच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत, तो चाबूक असतो. त्याचं नाव काढलं तरी माझं पित्त खवळतं!

सर्कशीच्या सुतारानं मला जाड सागवानी लाकडातून घडवलं, वर लाल रंग दिला. सिंह माझ्यावर चढून बसला की तंबू टाळ्यांनी दणाणायचा. सर्कस बंद पडली, तेव्हा सिंहाला खेळवणारे आजोबा मला घरी घेऊन आले.

ते नातवाला सांगायचे, "सिंहानं झेप घेतली. मी चाबूक असा फिरवला, की बेटा शेपूट घालून पळाला!" दर खेपेला सिंह मोठा व्हायचा, चाबूक लांब व्हायचा. माझं नाव मात्र गोष्टीत कुठेच नाही. मी नुसती जळायचे.

नातू मोठा झाला. शाळेतली मुलं त्या गोष्टीला हसली, तेव्हा त्यानं घरी येऊन पेटी उघडली. चाबकाच्या मुठीवर खेळण्यांच्या दुकानाची चिठ्ठी!

"बरी जिरली मेल्याची!" मी मनात म्हटलं. पण आजोबांनी गोष्ट काढली की नातू म्हणू लागला, "पुरे हो आजोबा तुमच्या थापा." मग आजोबा जेवतानाही बोलेनासे झाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

एका रविवारी बल्ब बदलायला नातवानं मला उचललं. पाणी झटकायला उलटी केली, तर फळीच्या खालच्या अंगाला चार खोल ओरखडे.

"आजोबा, हे काय?"

आजोबा कानाची पाळी ओढत राहिले. "अरे, चाबूक तर घाबरून आधीच हातातून पडला. मग हिला पुढे धरलं, सिंहाचा पंजा हिच्यावर बसला आणि मी 'आई गं' ओरडत मागच्या मागे पिंजऱ्याबाहेर पळालो. तो चाबूक आत राहिला तो राहिलाच. पेटीतला हा नंतर विकत आणला."

"म्हणजे सिंह खरा होता?"

"सिंह खरा होता रे. शूर तेवढा मी नव्हतो."

नातवानं आजोबांना घट्ट मिठी मारली. "लागलं का हो तुम्हाला?"

घ्या! पंजा पडला माझ्यावर, आणि विचारपूस आजोबांची! चाबूक झाला, आता आजोबांवर जळायचं!

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला थापाड्या म्हणण्याआधी जवळ बसून विचारा, लागलं का म्हणून. आणि जमलं तर जुन्या तिपाईलाही विचारा. मला अजून कुणी विचारलेलं नाही. लागलं होतं हो, चांगलंच लागलं होतं.