केबलवाल्याच्या घरची लाईन

शिरपुरात भागवतला आडनावानं कोणी ओळखत नसे. 'केबलवाला भागवत' म्हटलं की बसस्टँडवरचा पानटपरीवालाही बोट करून घर दाखवायचा. गच्चीवर दोन मोठ्या छत्र्या, त्यांच्याखाली टिनाची खोली आणि त्या खोलीतून निघून गावभर गेलेल्या काळ्या तारा. लिंबाच्या फांदीवरून, शाळेच्या भिंतीवरून, कोणाच्या खिडकीच्या गजाला वेटोळं घेऊन त्या घराघरात शिरल्या होत्या.

तरुणपणी त्यानं हा धंदा धरला तेव्हा वावर सोडून पोरगा तारा ओढत हिंडतो म्हणून बाप त्याच्याशी बोलेनासा झाला होता. पुढं तोच बाप संध्याकाळी बाजेवर बसून "आज काय लावतं रे?" असं विचारू लागला. ते दिवसच वेगळे होते. जेवण झालं की भागवत गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज चक्कर मारायचा. प्रत्येक दारातून एकच आवाज बाहेर यायचा. मालिकेतली सासू सुनेला बोलायला सुरुवात करायची ती फुलचंदच्या दुकानाशी, आणि तिचं बोलणं संपायचं ते मारुतीच्या पाराजवळ. मधला एक शब्द हुकायचा नाही. सारं गाव एकाच वेळी हसायचं आणि एकाच वेळी गप्प व्हायचं. भागवतला वाटायचं, हे आपण केलं.

आता ती गल्ली मुकी झाली होती. माणसं ओट्यावर बसलेली असायची, पण प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि कानात बोंडं. एकेक जण केबल सोडत होता. सोडणारे तोंडावर सांगत नसत. रिचार्ज संपला की तसाच ठेवायचे, आणि भागवत रस्त्यात भेटला की दुसरीकडं पाहायचे. त्या मानानं फुलचंद सरळ माणूस. त्याचं किराणा दुकान, भागवतशी लहानपणापासूनची दोस्ती. त्यानं एका दुपारी भागवतला हाक मारून थांबवलं.

"भागवत, आमचा बक्सा काढून नेजो."

"काहून? लाईन जाते का?"

"लाईनचं काई नाई गा. पोरानं वायफाय बसवलं. सारं फुकटात दिसते. मंग दोन-दोन कायले ठेवाचं?"

भागवतचं तोंड पडलं. फुलचंदला वाईट वाटलं असावं. वाईट वाटलं की तो जास्त बोलायचा, तसा बोलला.

"आन तू कायले तोंड पाडतं? तुह्या घरी तरी कोन केबल पाह्यते? वयनी मोबाईलवरच पाह्यते म्हने. आमच्या घरची सांगत होती."

भागवत हसला. 'हो, पाह्यते कधीमधी,' असं काहीसं म्हणाला आणि गाडीला किक मारून निघाला. पण फुलचंदचा सेट-टॉप बॉक्स काढायचा राहून गेला.

घरी आल्यावर तो आत न जाता सरळ गच्चीवर चढला. गावातल्या प्रत्येक घराची लाईन तो तपासायचा. स्वतःच्या घराची तपासायची कधी वेळच आली नव्हती. तो स्वतः जे काही पाहायचा ते टिनाच्या खोलीतल्या छोट्या पडद्यावर, तेही चित्र नीट येतंय का एवढंच. खोलीतून घरात उतरणारी तार त्यानं हातात धरली आणि ओढली, तर ती सबंध त्याच्या हातात आली. वानरांनी लोंबकळून तोडली होती. दरवर्षी हरभऱ्याच्या दिवसांत गावात टोळी यायची आणि तारांचा सत्यानाश करून जायची. पण हे तुटणं आजकालचं नव्हतं. तुटलेल्या टोकाचं तांबं हिरवं पडलं होतं. दोन पावसाळे तरी त्यावरून गेले असावेत.

गावात कोणाची लाईन गेली तर माणसं घास अर्धा टाकून त्याला फोन करत. शिडी खांद्यावर टाकून तो भर उन्हात पळत जायचा. आणि इथं त्याच्याच घरची लाईन तुटून पडली होती, आणि घरातल्या कोणी 'केबल गेलं' असं म्हटलंसुद्धा नव्हतं.

खाली आला तेव्हा त्याची बायको विजयमाला चुलीपुढं भाकरी थापत होती. गॅस असला तरी भाकरी ती चुलीवरच करायची. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"आपल्या घरची लाईन तुटली हाये," तो म्हणाला.

ती भाकरी थापतच म्हणाली, "मले मालूम हाये."

"कवापासून?"

"लय दिवस झाले."

"मंग सांगतलं काहून नाई?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. "सांगतलं असतं तं तुमी जोडून देल्ली असती. आन मंग मले ते पाहा लागलं असतं."

भागवतला ते लागलं. "गावानं सोडलं त्याचं काई नाई. लोकं हायेत, जितं फुकट भेटते तितं जातीन. पन घरच्यानं बी? मी उन्हातान्हात खांबावर चढून राह्यलो आन घरात मोबाईल चालून राह्यला. फुलचंदच्या तोंडून आयका लागलं मले."

"तुमचं मन दुखन म्हनून नाई बोलली. दुसरं काई नव्हतं."

"केबलात काय कमी होतं तुले? शेकड्यानं चॅनल हायेत."

विजयमालानं भाकरी उलटली. ती भांडणारी बाई नव्हती. जे बोलायचं ते मनात पुष्कळ दिवस घोळवून मग एकदाच बोलायची.

"योगिनीचे बाबा, मी या घरात आली तवापासून एक पिक्चर पुरा नाई पाह्यला. तुमी कधी पाह्यलं का? पिक्चर चांगला रंगात आला का फोन वाजे. वयनी, केबल गेलं. वयनी, मुंग्या येऊन राह्यल्या. वयनी, भाऊले पाठवा लवकर, मॅच चालू हाये. मी उठू, तुमाले शोधू, कोनाच्या घरी असान तितं पोरीले धाडू. वापस येऊ तं पिक्चर खतम. नाई तं मंग भाकरीचा टाईम. नाई तं तुमच्या बाबाचा चहा. पोरीनं मोबाईल हाती देल्ला तं मले पह्यल्यांदा कळलं का हे थांबते. भाकर टाकाले गेली, थांबते. पाहुने आले, थांबते. दुसऱ्या दिवशी बी जितं सोडलं तितूनच लागते. माह्यासाठी आतापावतर कोनी थांबलं नव्हतं."

एवढं बोलून तिनं त्याचं ताट वाढलं. भागवत जेवला, पण काय जेवला ते त्याला कळलं नाही. जेवून टिनाच्या खोलीत जाऊन बसला. रागच धरायचा तर तो कोणावर धरावा हे ठरेना. तिच्या बोलण्यातलं काहीच खोटं नव्हतं. फोन घरात होता, तो बाहेर असायचा. सारं गाव त्याला 'भागवतभाऊ, तुमच्यामुळं टाईम जाते' म्हणायचं तेव्हा तो फुलून यायचा. तो टाईम कोणाच्या टाईमातून काढून गावाला दिला होता, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

शनिवारी योगिनी वाशीमहून घरी आली. ती तिथं कॉलेजात शिकायची. आईबाप एकमेकांशी मोजकंच बोलतायत हे तिच्या लक्षात आलं, पण तिनं खोदून विचारलं नाही. संध्याकाळी भागवतच म्हणाला, "तुह्या आईचं ते काय हाये, मले दाखव बरं."

दोन-अडीच वर्षांमागं दिवाळीला, घरची लाईन धड होती तेव्हा, भागवतनं हौसेनं नवा टीव्ही आणला होता. मोबाईलातलं त्याच्यावर लावता येतं हे त्याला ठाऊक होतं, पण त्यानं ते कधी करून पाहिलं नव्हतं. योगिनीनं ते लावून दिलं आणि आईला विचारलं, "कोनता लावू?"

विजयमालानं एका जुन्या हिंदी पिक्चरचं नाव सांगितलं. भागवत चमकला. गावात नवं नवं केबल आलं तेव्हा तो स्वतः कॅसेट लावून हाच पिक्चर दाखवायचा. लोकांच्या फर्माइशीवरून कितीदा तरी लावला असेल. पण त्याला त्यातलं फक्त पहिलं गाणं आठवत होतं. कॅसेट लावली की तो खाली उतरायचा आणि कोणाच्या तरी घराकडं पळायचा.

"मी बी नाई पाह्यला हा," तो म्हणाला.

ते दोघं बाजेवर बसून पाहू लागले. मध्ये दूधवाला आला, विजयमालानं रिमोट दाबला, पडद्यावरचा नायक हात वर करून तसाच उभा राहिला. भागवतला ते पाहून उगाच अवघडल्यासारखं झालं. त्याच्या हयातीत चालू पिक्चर थांबणं म्हणजे बिघाड. उठून शिडी शोधावी असं हातापायांना वाटत होतं. पण विजयमाला दूध तापवून, हात पुसून, निवांत येऊन बसली आणि नायकाचा हात खाली आला.

पिक्चर एका बैठकीत झाला नाही. उरलेला त्यांनी पुढच्या संध्याकाळी पाहिला आणि त्यातूनही उरला तो त्याच्या पुढच्या. शेवटी हरवलेले भाऊ भेटले, खलनायकाला पोलीस घेऊन गेले आणि सगळे एका ओळीत उभे राहून हसले.

विजयमाला पडद्याकडं पाहतच राहिली. "एवढंच?"

"एवढंच दिसते."

"मले वाटे, काय होत असन आन काय नाई." ती हसायला लागली. भागवतलाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ते दोघं असे हसले असतील.

त्या तुटलेल्या तारेला भागवतनं जोड दिला नाही. दिवाळी येईपर्यंत गावात केबल घेणारी बोटावर मोजण्याइतकी घरं उरली. वाशीमच्या ज्या मोठ्या केबलवाल्याकडून तो हल्ली सिग्नल घ्यायचा, त्यानंही सांगून टाकलं की एवढ्यावर भागत नाही, बंद केलेलं बरं. भागवतच्या मनाची तयारी होत आलीच होती. पण उरलेल्या घरांना फोनवरून सांगायचं नाही, स्वतः जाऊन सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

सगळ्यात शेवटी तो भीमनगरात उकंडरावांकडं गेला. उकंडराव आणि भागिरथाबाई, दोघंच म्हातारा-म्हातारी. मुलगा नरेंद्र अकोल्यात नोकरीला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली टीव्ही. भागवतच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांतलं हे घर. इतक्या वर्षांत त्यानं इथं किती चहा घेतला असेल त्याला गणती नव्हती.

"पुढच्या महिन्यापासून बंद करतो काका," तो म्हणाला. "मोबाईलवर सारं येते आता. नरेंद्र लावून देईन."

"देल्ला हाये त्यानं मोबाईल," उकंडराव म्हणाले. "पडून हाये तिकडं."

भागिरथाबाईंनी चहा आणून ठेवला. "त्याच्यात शोधा लागते बाप्पा. मले काय पाह्याचं ते मलेच ठावं नसते. टीवीवर ते आपोआप येते, बसली का पाह्यत बसते. घरात दोन मानसं बोलून राह्यली असं वाटते." मग कप त्याच्याकडं सरकवत म्हणाल्या, "असो. तुह्या धंद्याचं तू पाह्यशीन. आमी काय, बसू अंगनात."

भागवत बोलून गेला, "मावशी, संध्याकाळी आमच्या घरी येत जा ना. तितं पाह्यत जा."

उकंडरावांनी चष्म्यातून त्याच्याकडं पाहिलं. "घरी?"

"हो. घरी."

"पाहू," उकंडराव म्हणाले. ते नाही म्हणाले नाहीत, पण त्या 'पाहू'चा अर्थ न येणं असाच आहे, हे भागवतला समजलं. गाडीवरून परत येताना त्याला जाणवलं, आपण यांच्या घरात मांडी घालून चहा पितो, आजारी पडलो तेव्हा यांच्या घरून आलेल्या डब्यातलं खाल्लंय. पण आजपर्यंत एकदाही त्यांना 'घरी या' म्हटलं नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं. म्हणायचं सुचलंच नव्हतं, आणि तेच त्याला जास्त वाईट वाटलं.

त्यानं विजयमालाला सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. त्याला वाटलं, तिला आवडलं नाही की काय.

"इतकी वरसं काहून नाई म्हटलं?" तिनं विचारलं.

मग तारा काढायचं काम निघालं. भागवत शिडीवर, विजयमाला खाली शिडी धरून. लोक ओट्यांवरून पाहत होते. अर्ध्या गल्लीत पोचल्यावर फुलचंद दुकान सोडून आला आणि तारांची भेंडोळी करू लागला. एका बाईनं कपडे वाळवायला म्हणून तुकडा मागितला, दुसरीनं वालाचा वेल चढवायला मागितला, मग मागणाऱ्यांची रीघच लागली. संध्याकाळपर्यंत भागवतच्या हाती फारसं काही उरलं नाही. त्याला वाटलं होतं, आज आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. खांदे मात्र भरून आले होते.

म्हातारा-म्हातारी काही आले नाहीत. रोज संध्याकाळी भागवत दाराकडं पाहायचा. आठवडा असाच गेल्यावर विजयमालानं पदर खोचला, पायात चप्पल सरकवली आणि कुठं जाते ते न सांगता निघाली. परत आली तेव्हा तिच्यासोबत भागिरथाबाई होत्या. मागं थोडं अंतर ठेवून काठी टेकत उकंडराव.

भागिरथाबाई उंबऱ्यापाशी थांबल्या आणि दाराजवळच खाली बसायला वाकल्या. विजयमालानं त्यांचा हात धरला, बाजेवर आपल्या शेजारी बसवलं. उकंडरावांना भागवतनं खुर्ची दिली. टीव्ही लागला. पहिल्यांदा सगळेच अंग चोरून बसले होते. थोड्या वेळानं भागिरथाबाई पडद्यावरच्या सुनेला नावं ठेवू लागल्या आणि विजयमाला त्या सुनेची बाजू घेऊ लागली.

चहा ठेवायला म्हणून विजयमाला उठली आणि सवयीनं रिमोट दाबला. चित्र जागच्या जागी थबकलं.

"थांबवू नोको वं माय," भागिरथाबाई म्हणाल्या. "चालू दे. थांबलं का घर भकास वाटते."

"पन मंग माह्यं हुकते ना मावशी."

"मी सांगीन तुले काय झालं ते. तू जाय."

विजयमालानं भागवतकडं पाहिलं. भागवत उठला. "तू बस," तो तिला म्हणाला, "दोघी पाहा." त्यानं रिमोट दाबून चित्र चालू केलं आणि चहा ठेवायला आत गेला. पत्तीचा डबा कोणता ते त्याला ठाऊक नव्हतं. बाहेर त्या दोघींचं त्या सुनेवरून पुन्हा जुंपलं होतं, आणि उकंडराव म्हणत होते, "आयकू द्या जरा." भागवतनं विजयमालाला न विचारता एकेक डबा उघडून पाहायला सुरुवात केली.